काल्पनिक हेराबद्दल खरे लिहायचे तर

आपल्या प्रश्नाचा गाभा मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. जेम्स बाँडचे सगळे चित्रपट आपण पाहिले आहेत, इयान फ्लेमिंगच्या पुस्तकांपैकी पाच-सहा वाचली आहेत आणि या मालिकेवर मराठीत एक सविस्तर लेखमाला लिहावी असे आपल्या मनात आहे. मात्र टिपणे काढायला बसल्यावर बाँडच्या जन्मसालापासून चित्रपटांच्या संख्येपर्यंत प्रत्येक बाबतीत दोन-तीन वेगवेगळी उत्तरे सापडली आणि आपण थबकलात. यांतले खरे कोणते हे कसे ठरवावे, हा आपला पहिला प्रश्न. आणि जगभरचे चाहते सत्तर वर्षे ज्यावर लिहीत आले आहेत त्यावर आपण नवे काय लिहिणार, हा दुसरा.

मी बावीस वर्षे याच मालिकेवर टिपणे काढतो आहे आणि अधूनमधून लिहितो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचे खरे जन्मसाल आपण शोधू लागतो, तिथे अडचणीचा उगम आहे. काल्पनिक माणसाबद्दलचे प्रत्येक विधान कुठल्या तरी मजकुराचे असते: अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीतले, अमुक चित्रपटातल्या अमुक पात्राच्या तोंडचे, किंवा पुढे कोणीतरी रचलेले. ते कोणाचे आणि केव्हाचे हे शोधता येते आणि ते सापडले की बहुतेक मतभेद मिटतात. जे उरतात ते तसेच लिहावेत, कारण वाचनीय लेख त्यांतूनच निघतात.

अर्थात काही गोष्टी आपल्या उद्देशावर अवलंबून आहेत आणि त्या माझ्याकडून ठरवून घेऊ नका. आपल्याला कथेच्या आतला कालक्रम लावायचा असेल तर पुस्तके आणि चित्रपट ही दोन वेगळी जगे मानावी लागतील. मालिकेच्या निर्मितीचा इतिहास लिहायचा असेल तर करार, तारखा आणि मुलाखती महत्त्वाच्या ठरतील. आपल्याला ही मालिका का भावली हे सांगणारे ललित लेखन करायचे असेल तर पुराव्याचा भार थोडा हलका होतो, पण नाहीसा होत नाही. तीनही एकाच लेखमालेत येऊ शकतात, मात्र एकाच परिच्छेदात आले की गोंधळ उडतो.

आता जन्मसालाचेच उदाहरण नीट उलगडून पाहू, कारण सगळी पद्धत त्यात दिसते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसिनो रोयाल’ या पहिल्या कादंबरीत बाँडची साडेचार लिटरची बेंटली मोटार येते आणि ती त्याने १९३३ मध्ये जवळजवळ नवी असताना विकत घेतली होती असे निवेदक सांगतो. १९५५ च्या ‘मूनरेकर’मध्ये शून्य-शून्य क्रमांकाच्या हेरांना पंचेचाळिसाव्या वर्षी त्या कामातून काढतात आणि बाँडची त्याला आठ वर्षे उरली आहेत, असा उल्लेख आहे. म्हणजे तो सदतीस वर्षांचा ठरतो, पण हे वजाबाकी करून मिळालेले वय आहे आणि लिहिताना ती वजाबाकी आपण केली हे सांगायला हवे. पुढे १९६४ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये बाँड मरण पावला असे समजून ‘टाइम्स’ दैनिकात छापलेला मृत्युलेख येतो. त्यात तो सतराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला आणि १९४१ मध्ये आपले वय एकोणीस सांगून सरकारी सेवेत शिरला, असे म्हटले आहे. त्या हिशेबाने जन्मसाल १९२४ च्या आसपास येते आणि पहिल्या कादंबरीतली बेंटली त्याने नऊ वर्षांचा असताना घेतली असे मानावे लागते.

बहुतेक जण इथे दोनपैकी एक मार्ग धरतात. एक पक्ष म्हणतो, लेखकाची चूक झाली. दुसरा पक्ष बेंटली वडिलांची होती वगैरे जोडणी करून कथा सांधतो. मी दोन्ही करत नाही. मृत्युलेख कोण लिहितो आहे हे मी आधी पाहतो. कादंबरीत तो बाँडचा वरिष्ठ एम लिहितो. तो गुप्तचर खात्याचा प्रमुख आहे, म्हणजे हाताखालच्या माणसाची माहिती झाकून ठेवणे हेच त्याचे काम. शिवाय ज्या लेखावर जन्मसालाचा सगळा डोलारा उभा आहे त्या लेखाची मुख्य बातमीच चुकीची आहे, कारण बाँड जिवंत आहे! मग त्यातल्या इतर तपशिलांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न फ्लेमिंगने आपल्या हाती ठेवलेला आहे. त्यामुळे ‘बाँडचा जन्म १९२४ चा’ असे न लिहिता ‘१९६४ च्या कादंबरीतल्या एमने लिहिलेल्या मृत्युलेखावरून जन्मसाल १९२४ निघते, आणि ते १९५३ व १९५५ च्या कादंबऱ्यांतल्या उल्लेखांशी जुळत नाही’ असे लिहावे. वाक्य लांबते खरे, पण ते कोणालाही तपासता येते, आणि वाचकाला मृत्युलेखाची गंमतही कळते.

आपल्याला ११ नोव्हेंबर १९२० ही तारीखही ठिकठिकाणी आढळली असेल. ती फ्लेमिंगची नाही. जॉन पिअरसन यांनी १९६६ मध्ये फ्लेमिंगचे खरेखुरे चरित्र लिहिले आणि १९७३ मध्ये, बाँड हा हाडामांसाचा माणूस आहे असे गृहीत धरून, त्याचे काल्पनिक चरित्र लिहिले. तारीख या दुसऱ्या पुस्तकातली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका लेखात मी ती ‘फ्लेमिंगने दिलेली जन्मतारीख’ म्हणून छापली होती, कारण मला ती पिअरसन यांच्या नावासह मिळाली आणि पिअरसन म्हणजे फ्लेमिंगचे चरित्रकार एवढेच मला ठाऊक होते. एका वाचकाने पत्र लिहून ‘कोणत्या कादंबरीत, कोणत्या पानावर?’ असे विचारले. मी चौदाही पुस्तके पुन्हा चाळली आणि ती तारीख कुठेच नव्हती. तेव्हापासून दुसऱ्याच्या लेखातून उचललेली तारीख मूळ पान डोळ्यांखालून गेल्याशिवाय मी वापरत नाही. चूक कशी झाली हेही मी पुढच्या लेखात छापले, आणि त्याने वाचकांचा विश्वास कमी झाला नाही असा माझा अनुभव आहे.

चित्रपटांच्या संख्येचा वाद याहून सोपा आहे. १९६१ मध्ये अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन यांनी इऑन प्रॉडक्शन्स ही कंपनी काढली आणि १९६२ च्या ‘डॉक्टर नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत तिने पंचवीस चित्रपट केले. १९६७ चा विडंबनपर ‘कॅसिनो रोयाल’ आणि १९८३ चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ हे दोन चित्रपट इतरांनी केले, म्हणून एकूण सत्तावीस. याखेरीज १९५४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘कॅसिनो रोयाल’चे नाट्यरूप झाले. त्यात बॅरी नेल्सन यांनी केलेला बाँड चक्क अमेरिकी होता. तेही धरले तर अठ्ठावीस. तिन्ही आकडे बरोबर आहेत. आपण काय मोजले ते त्याच वाक्यात सांगावे.

कथेतल्या काही प्रश्नांची उत्तरे मात्र कथेत सापडतच नाहीत, आणि चाहते सर्वांत जास्त फसतात ते इथे. बाँडचा कट्टर शत्रू ब्लोफेल्ड आणि त्याची स्पेक्टर ही गुन्हेगारी संघटना इऑनच्या चित्रपटांतून १९७१ नंतर का नाहीशी झाली, यावर मी पानेच्या पाने उपपत्ती वाचल्या आहेत: प्रेक्षक कंटाळले, शीतयुद्धाचे स्वरूप बदलले, खलनायक लहान झाला. उत्तर लंडनच्या उच्च न्यायालयात आहे. फ्लेमिंग, चित्रपट निर्माते केव्हिन मॅकक्लोरी आणि पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून एका चित्रपटकथेवर काम केले होते. तो चित्रपट झाला नाही आणि फ्लेमिंगने ते कथानक १९६१ च्या ‘थंडरबॉल’ कादंबरीत वापरले. ब्लोफेल्ड आणि स्पेक्टर पुस्तकांत प्रथम येतात ते याच कादंबरीत. मॅकक्लोरी न्यायालयात गेले. १९६३ मध्ये खटला सुरू असतानाच तडजोड झाली, चित्रपटाचे हक्क मॅकक्लोरींना मिळाले आणि कादंबरीच्या पुढच्या आवृत्त्यांत तिघांच्या मूळ कथेचा उल्लेख छापावा लागला. १९६५ च्या ‘थंडरबॉल’ चित्रपटावर निर्माता म्हणून मॅकक्लोरींचे नाव आहे ते यामुळे, आणि त्यांच्याच हक्कांच्या बळावर १९८३ मध्ये शॉन कॉनरी पुन्हा बाँड होऊन ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये आले, त्याच वर्षी इऑनचा रॉजर मूर असलेला ‘ऑक्टोपसी’ही लागला. स्पेक्टरचे नाव वापरणे हा इऑनसाठी कज्जाचा विषय होऊन बसला होता. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या आरंभी चाकाच्या खुर्चीत बसलेला एक टकला माणूस अगदी ब्लोफेल्डसारखे मांजर कुरवाळताना दिसतो आणि त्याचे नाव कोणीही घेत नाही. पडद्यावर तो प्रसंग निव्वळ खोडकर वाटतो. हक्कांचा इतिहास ठाऊक असला की त्या न घेतलेल्या नावाचा अर्थ लागतो. मॅकक्लोरींच्या वारसांशी २०१३ मध्ये समझोता झाला आणि २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ याच नावाचा चित्रपट आला.

असेच ‘द स्पाय हू लव्हड मी’चे. १९७७ चा चित्रपट १९६२ च्या कादंबरीशी का जुळत नाही, असे नवे वाचक हटकून विचारतात. फ्लेमिंगने त्या कादंबरीचे केवळ शीर्षक वापरायची परवानगी दिली होती, कथानकाची नाही. कथेत एखादी गोष्ट अचानक बदलली, गळाली किंवा विचित्र वाटली की पात्राच्या मनात शिरण्याआधी निर्मितीच्या कागदपत्रांकडे पाहावे, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

याचा उलट धोकाही आहे. चित्रपटांना स्वतःचा असा एक सांधलेला कालक्रम आहे आणि तो नट बदलले तरी बराच काळ टिकतो. १९६९ च्या चित्रपटात जॉर्ज लेझेनबीच्या बाँडची पत्नी ट्रेसी मारली जाते, आणि १९८१ मध्ये रॉजर मूरचा बाँड जिच्या थडग्यावर फुले ठेवतो ती तीच, दगडावर वर्षही १९६९ कोरलेले आहे. म्हणजे चित्रपटकर्त्यांच्या दृष्टीने तो एकच माणूस. २००६ मध्ये डॅनियल क्रेगच्या पहिल्या चित्रपटात मात्र बाँडला शून्य-शून्य हा दर्जा नव्याने मिळतो आणि आधीची सगळी कारकीर्द पुसली जाते. तरी एमच्या भूमिकेत ज्युडी डेंचच, ज्या १९९५ पासून पिअर्स ब्रॉस्ननच्या बाँडच्याही वरिष्ठ होत्या. यावरून ‘जेम्स बाँड हे सांकेतिक नाव असून ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते’ अशी एक लोकप्रिय कल्पना निघाली. ट्रेसीचे थडगे त्या कल्पनेच्या आड येते. आपण ही कल्पना लेखात जरूर घ्यावी, पण चाहत्यांची कल्पना म्हणून घ्यावी आणि तिच्याविरुद्धचा दाखला शेजारीच ठेवावा.

आता लेखकाच्या स्वतःच्या शब्दाबद्दल. फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात, संचालक रिअर अ‍ॅडमिरल जॉन गॉडफ्री यांचे सहायक होते. १९४१ मध्ये गॉडफ्रींबरोबर अमेरिकेला जाताना पोर्तुगालमध्ये एस्तोरिलच्या कॅसिनोत आपण जर्मन हेरांना जुगारात नेस्तनाबूत करण्याचा प्रयत्न केला आणि त्यातूनच ‘कॅसिनो रोयाल’चा डाव सुचला, असे फ्लेमिंग सांगत. गॉडफ्रींच्या सांगण्यानुसार टेबलावर साधे पोर्तुगीज व्यापारी होते आणि जर्मन हेर फ्लेमिंगच्या कल्पनेत होते. दोघेही त्या रात्री तिथे हजर. मी हा प्रसंग लिहितो तेव्हा दोन्ही साक्षी देतो आणि माझे मतही देतो: मला गॉडफ्रींचे म्हणणे अधिक पटते, कारण त्यांना गोष्ट रंगवून सांगण्यात काही मिळवायचे नव्हते. पण मला खरा ऐवज वाटतो तो दुसराच. समोर बसलेल्या कंटाळवाण्या व्यापाऱ्यांत ज्याला जर्मन हेर दिसले त्या माणसाने अकरा वर्षांनी कादंबरी लिहिली. फ्लेमिंगची लेखनप्रकृती समजून घ्यायला ही विसंगती कुठल्याही समीक्षेइतकी उपयोगी आहे, आणि दोनपैकी एक साक्ष गाळली असती तर ती हाती लागली नसती.

कारणे जोडतानाही असेच सावध असावे. बाँडचे वडील स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोचे आणि आई स्वित्झर्लंडची, हे मृत्युलेखात येते. कॉनरी स्कॉटिश असल्यामुळे, पहिला चित्रपट पाहून फ्लेमिंगने बाँडला स्कॉटिश केले, असे सर्रास लिहिले जाते. मृत्युलेख पहिल्या चित्रपटानंतरचा आहे हे खरे. पण फ्लेमिंगचे स्वतःचे आजोबा रॉबर्ट फ्लेमिंग हे डंडी गावातून आलेले स्कॉटिश बँकर होते, तेव्हा स्कॉटलंड त्यांना कॉनरीकडून उसना घ्यावा लागला असेल असे नाही. ‘नंतर घडले’ म्हणजे ‘त्यामुळे घडले’ असे होत नाही, हे आपण सगळे जाणतो आणि आवडत्या विषयावर लिहिताना सर्वांत आधी विसरतो.

आवृत्तीचा प्रश्न आपल्या प्रश्नात नव्हता, पण तो आपल्याला पहिल्याच महिन्यात भेटेल. ‘कॅसिनो रोयाल’ अमेरिकेत कागदी बांधणीत वेगळ्याच शीर्षकाने निघाली होती. ‘लिव्ह अँड लेट डाय’च्या अमेरिकी आवृत्तीत एका प्रकरणाचे वर्णद्वेषी शीर्षक बदलले गेले, आणि २०२३ मध्ये कादंबऱ्यांच्या सत्तरीनिमित्त निघालेल्या इंग्रजी आवृत्त्यांत कृष्णवर्णीयांबद्दलचे काही शब्द व उतारे बदलले किंवा गाळले आहेत. तेव्हा फ्लेमिंगच्या वंशविषयक दृष्टीवर आपण लिहिणार असाल, आणि लेखमाला प्रामाणिक व्हायची तर लिहावेच लागेल, तर नव्या आवृत्तीवरून लिहिलेले विधान जुन्या मजकुराला लागू होणार नाही. स्त्रियांच्या चित्रणाबद्दलही मला हेच सांगायचे आहे. ज्या पुस्तकांवर आपले प्रेम आहे त्यांतले जे खुपते ते पान क्रमांकासह लिहावे. सारवासारव करणारा चाहता अभ्यासक म्हणून फार काळ टिकत नाही. चित्रपटांच्याही प्रती वेगळ्या असतात. १९८९ च्या ‘लायसन्स टू किल’मधली काही हिंसक दृश्ये ब्रिटनमध्ये प्रमाणपत्रासाठी कापली गेली आणि पुढे घरगुती प्रतींत ती परत आली. त्यामुळे ‘हे दृश्य चित्रपटात नाही’ असे लिहिताना मी कोणती प्रत पाहिली ते वहीत असतेच.

त्या वहीबद्दल थोडे सांगतो. मी उजव्या पानावर विधान लिहितो आणि डाव्या पानावर त्याचा दाखला: पुस्तक, प्रसिद्धीचे वर्ष, आवृत्ती, प्रकरण, पान, चित्रपट असेल तर प्रत आणि तास-मिनिटे. प्रत्येक दाखल्यापुढे एक अक्षर असते. ‘क’ म्हणजे कथेतले, ‘नि’ म्हणजे निर्मितीबद्दलचे, ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. मुलाखत असेल तर घटना कधीची आणि मुलाखत कधीची, ही दोन्ही वर्षे लिहितो, कारण तीस वर्षांनी सांगितलेली आठवण आणि त्याच आठवड्यातले पत्र यांचे वजन एक नसते. महिनाभराने वही उघडली की ‘ऐ’ची संख्या पाहून मन खट्टू होते. पण हळूहळू एकेक ‘ऐ’ खोडून तिथे ‘क’ किंवा ‘नि’ येतो, आणि या कामात मला मनापासून आनंद मिळतो. काही ‘ऐ’ कायमचे राहतात; काही खोटेच ठरतात. ‘गोल्डफिंगर’मध्ये अंगभर सोनेरी रंग लावल्याने नटी चित्रीकरणातच गुदमरून मेली, ही दंतकथा त्यांतलीच. ती भूमिका करणाऱ्या शर्ली ईटन यांनी त्यानंतरही १९६९ पर्यंत चित्रपटांत काम केले.

वाचनाचा क्रम विचाराल तर पुस्तके प्रसिद्धीच्या क्रमाने, सलग आणि सगळी वाचावीत, पाच-सहा वाचून लिहू नये. बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह एवढाच फ्लेमिंगचा पसारा आहे. रोज थोडे वाचले तरी सहा महिन्यांत होतो. चित्रपट आठवणीतून लिहू नयेत. ‘शेकन, नॉट स्टर्ड’ (मार्टिनी हे मद्य ढवळून नव्हे, हलवून) हे वाक्य पहिल्या चित्रपटात बाँड म्हणतो, असे मीही छातीठोकपणे सांगितले असते. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये ते बाँडला उद्देशून खलनायक म्हणतो, बाँडच्या स्वतःच्या तोंडी ते प्रथम १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये येते. पुस्तकांत या शब्दांचा उगम आणखी मागे, १९५६ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’पर्यंत जातो. मूळ हस्तलिखिते आणि टंकलिखिते पाहायची असतील तर ती अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहेत. प्रत्येकाला तिथे जाणे जमणार नाही, पण ती पाहून लिहिलेले लेखन आणि न पाहता लिहिलेले लेखन यांत फरक करायला आपण शिकू शकतो.

हक्कांबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की फ्लेमिंग १९६४ मध्ये वारले, आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरचा लेखाधिकार ब्रिटनमध्ये २०३४ च्या अखेरपर्यंत आहे, कॅनडात २०१५ पासून तो नाही, आणि भारतात साठ वर्षांच्या नियमाने २०२४ च्या अखेरीस संपला. चित्रपट, त्यांतली छायाचित्रे, संगीत आणि बोधचिन्हे यांचे हक्क स्वतंत्र व शाबूत आहेत. समीक्षेसाठी लहान अवतरण घेणे ही गोष्ट वेगळी आणि चित्रपटाची चित्रे लेखभर पेरणे ही वेगळी.

राहिला दुसरा प्रश्न, नवे काय लिहायचे. ‘जेम्स बाँड: एक ओळख’ असा लेख आपण लिहू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक बारीकसा धागा घ्यावा आणि तो शेवटापर्यंत सोडू नये. उदाहरणादाखल मी बूथरॉइड हे नाव सुचवतो. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या एका वाचकाने फ्लेमिंगला पत्र लिहिले की बाँडच्या हातातले पॉइंट टू फाइव्ह मापाचे बेरेटा हे बायकी पिस्तूल आहे, त्याला चांगले शस्त्र द्या. आणि त्याने एक रिव्हॉल्व्हर व त्यासाठीचे खास म्यान सुचवले. पत्रव्यवहार वाढला. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ कादंबरीत एम बाँडचे बेरेटा काढून घेतो, वॉल्थर पीपीके हे पिस्तूल देतो, आणि ते देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचे नाव मेजर बूथरॉइड आहे. गोम अशी की रिव्हॉल्व्हरसाठी सुचवलेले म्यान फ्लेमिंगने या पिस्तुलाला जोडून दिले. एका वाचकाच्या चोखंदळपणातून जन्मलेल्या प्रसंगात लेखकाची नवी चूक शिरली, आणि पुढच्या वाचकांनी तीही पकडली.

तिथून धागा चित्रपटांत जातो. १९६२ मध्ये मेजर बूथरॉइडची भूमिका पीटर बर्टन यांनी केली, १९६३ पासून ती डेस्मंड लुएलिन यांच्याकडे आली, पुढे लोक त्या पात्राला क्यू म्हणून ओळखू लागले आणि लुएलिन १९९९ पर्यंत सतरा चित्रपटांत क्यू होते. फ्लेमिंगच्या पुस्तकांत क्यू शाखेचा उल्लेख येतो, पण क्यू नावाने वावरणारा असा माणूस नाही. १९७७ च्या चित्रपटात रशियन हेर अन्या त्याला मेजर बूथरॉइड म्हणूनच हाक मारते, म्हणजे पटकथाकार जुने नाव विसरले नव्हते. आणि ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या, जगभर गाजलेल्या छायाचित्रात कॉनरीच्या छातीशी जे लांब नळीचे वॉल्थर आहे ते पीपीके नसून हवेच्या दाबावर चालणारे एलपी ५३ हे नेमबाजीचे पिस्तूल आहे. बायकी पिस्तुलाची तक्रार करणाऱ्या वाचकापासून निघालेला धागा छर्ऱ्यांच्या पिस्तुलाशी येऊन पोचतो. यावर मराठीत दोन हजार शब्दांचा लेख सहज होईल.

आपल्याला हाच विषय घ्यावासा वाटला तर ‘डॉक्टर नो’ कादंबरीचे दुसरे प्रकरण आधी वाचा, मग त्याच नावाच्या चित्रपटातला एमच्या कचेरीतला प्रसंग दोनदा पाहा, आणि दोन्हींतले संवाद समोरासमोर दोन रकान्यांत लिहून काढा. काय राखले, काय वगळले आणि कोणाचे वाक्य कोणाच्या तोंडी गेले हे त्या रकान्यांत दिसेल. ते टिपण माझ्याकडे पाठवलेत तर मी माझ्या वहीशी ताडून पाहीन आणि जिथे आपले आणि माझे जुळणार नाही तिथे पान क्रमांकासह कळवीन.